रुळांची रेघ आणि पट्टीचा नकाशा

मुंबईंत ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ सालीं ती विजेवर चालूं लागली, आणि ३१ मार्च १९६४ रोजीं बोरीबंदर ते दादर ही अखेरची फेरी करून ती कायमची थांबली. तिचे रूळ जोगेश्वरीपर्यंत कधींच आले नाहींत. तथापि तिच्या रस्त्यापासून जोगेश्वरीनें एक धडा अवश्य घ्यावा. ट्रामची वाट कोणती, हें निरक्षर गाडीवानासहि कळे. कारण ती लोखंडानें आंखलेली असे.

आज जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याची स्थिति काय आहे? मेट्रोच्या सहाव्या मार्गाचे खांब रस्त्याच्या मध्यभागीं उभे राहिले. अशा रस्त्यावर कोणती पट्टी कामासाठीं अडविली, जड वाहनांस कोणत्या वेळीं मनाई, वळण कोठें बंद, हें टेंपोवाल्यास पुष्कळदां दंडाचा संदेश मोबाइलवर आल्यानंतरच उमगतें! नियम मोडणाऱ्यास दंड व्हावा, याबद्दल आमचा वाद नाहीं. पण नियम आधीं दिसावा कीं नाहीं?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ११५ वें कलम वाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार देतें, पण योग्य ठिकाणीं फलक लावण्याचें बंधनहि तेंच घालतें. निर्बंध महिन्याहून अधिक काळाचा असल्यास तो राजपत्रांत यावा, अल्पकाळचा असल्यास त्याला स्थानिक प्रसिद्धि मिळावी, असा नियम आहे. परंतु राजपत्र किती दुकानदार वाचतात? आणि फलक मालमोटारीआड झांकला गेला, तर चालकानें काय करावें?

मेलबर्न शहरांत ट्राम अद्याप चालते. तेथें रुळांलगत सलग पिवळी रेघ व ट्राम-पट्टीचा फलक असल्यास इतर वाहनांनीं त्या पट्टींतून चालावयाचें नाहीं. रेघ तुटक असल्यास चालावें, पण ट्रामचा खोळंबा करूं नये. रस्ता एकच, परंतु पट्टीपट्टीचा धर्म निराळा. अशा रस्त्याची नकाशावर एकच जाड रेघ ओढणें म्हणजे अर्धें सत्य सांगणें होय.

कोणी म्हणेल, हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत नकाशा आहे. खरें, पण मोटारीस मोकळी असलेली वाट सर्वांस मोकळी असतेच असें नाहीं. २०२४ सालीं खुल्या झालेल्या सागरी किनारा मार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहनांस मनाई आहे, हें सर्वश्रुत आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. वाहतूक पोलीस व महानगरपालिका यांनीं मिळून जोगेश्वरीपासून विक्रोळीपर्यंत प्रत्येक पट्टीचा नकाशा मराठींत प्रसिद्ध करावा. कोणत्या वाहनास, कोणत्या वेळीं, कोणत्या आदेशान्वयें व कोणत्या तारखेपर्यंत मनाई आहे, हें त्यांत असावें. मुदत संपतांच निर्बंध नकाशावरून आणि रस्त्यावरून एकाच दिवशीं पुसला जावा.

व्यापारी बंधूंसहि दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. माल उतरविण्यासाठीं बसची वाट अडवून ठेवणाऱ्यास पोलिसांच्या नांवें बोटें मोडण्याचा अधिकार उरत नाहीं. कायदा ठाऊक नव्हता, ही सबब न्यायासनापुढें चालत नाहीं. मग तो लोकांस ठाऊक करून देण्यांत झालेली हयगय तरी सरकारनें आपणांस कां माफ करावी?