सवयीच्या नावाखाली शिक्षा कशाला?



‘इंकस्केप’ या चित्रे काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरच्या पॅनेलांची फेररचना म्हणजे चालत्या गाड्याला खीळ, हे आपल्या अंकातील लेखाचे मत पटले नाही.

मुळात पॅनेल आजवर जशीच्या तशी होती, हेच चूक. २०२१च्या १.१ आवृत्तीत ती डॉक करण्याची पद्धत बदलली, २०२२च्या १.२ मध्ये लेयर्स आणि ऑब्जेक्ट्स ही दोन पॅनेल एक झाली. आभाळ कोसळले नाही.

आता लेखातल्या सवयीच्या मुद्द्याचे. ‘फिल अँड स्ट्रोक’ पॅनेलात एका रेघेचा रंग बदलायचा तर ‘स्ट्रोक पेंट’ टॅब, जाडी बदलायची तर शेजारचा ‘स्ट्रोक स्टाइल’. लग्नपत्रिकेची वेलबुट्टी काढताना दिवसभर हीच ये-जा. ही सवय की शिक्षा?

‘इलस्ट्रेटर’ या व्यावसायिक सॉफ्टवेअरची नक्कल, हा लेखातला आरोप तर पोकळच. नव्या रचनेप्रमाणे निवडलेल्या आकृतीचे गुणधर्म एका जागी दिसणे ही कुणा कंपनीची मिरासदारी नव्हे.

जुन्या हातांना थोडे दिवस अडखळायला होईल, एवढे मान्य. पण शिफ्ट-कंट्रोल-एफ दाबून हे ‘फिल अँड स्ट्रोक’ पॅनेल उघडणाऱ्याला ते कुठे बसते याचे फारसे सोयरसुतक नसते.

जुन्या आवृत्त्या आजही मोफत मिळतात. लेखकांनी त्या खुशाल वापराव्यात.

— एक डीटीपी व्यावसायिक, सांगली