निरीक्षण कीं गृहपाठ?

लोकजीवनाच्या अभ्यासकास आतां गांवोगांव हिंडावें लागतेंच असें नाहीं. ज्यांचें जीवन जाणावयाचें, त्यांच्याच मोबाइलवर कामें धाडावयाचीं आणि त्यांनीं पाठविलेलीं छायाचित्रें व टिपणें घरबसल्या चाळावयाचीं, अशी नवी रीत रूढ झाली आहे. ह्या रीतीशीं आमचें वैर नाहीं. आमचा आक्षेप आहे तो त्या कामांच्या घडणीवर.

"तुम्ही पौष्टिक आहारास महत्त्व कां देतां, तें सांगा," असें फर्मान सुटलें कीं गृहिणी काय सांगणार? जें शोभेल तें! हें निरीक्षण नव्हे. आपलेंच उत्तर तिच्या तोंडीं घालणें आहे. त्याऐवजीं "आज रात्रीं जेवणानंतर जें उरेल त्याचें छायाचित्र घ्या, आणि उद्यां त्याचें काय होणार तें दोन वाक्यांत सांगा," असें म्हणून पाहावें. मग शिळ्या भाताची फोडणी, सासूसुनेचा मतभेद आणि महिनाअखेरची ओढाताण हीं सारीं आपोआप बोलूं लागतील.

ही दृष्टि नवी नाहीं. ब्रिटनमध्यें १९३७ सालीं निघालेल्या मास ऑब्झर्व्हेशन ह्या संस्थेनें स्वयंसेवकांस महिन्याच्या १२ तारखेस दिवसभरांत जें घडेल तें लिहावयास सांगितलें; सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचा १२ मे हा दिवसही त्यांत आला. पुढें १९९९ सालीं गेव्हर, डन व पॅचेंटी ह्यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ऑस्लो, आम्स्टरडॅम व इटलींतील पेचोली येथील वृद्धांस साधे कॅमेरे देऊन आज प्रथम दिसलेली व्यक्ति, एखादी कंटाळवाणी गोष्ट, अशीं छायाचित्रें मागितलीं होतीं. दोहोंतही मागणें स्पष्ट आहे, उत्तर मात्र मोकळें आहे.

प्रतिपक्ष म्हणेल, आम्ही मोबदला देतों. मग दिवसाकांठीं दहा कामें कां देऊं नयेत? मोबदल्यानें वेळ विकत मिळतो, मनाचा मोकळेपणा मिळत नाहीं. थकलेला मनुष्य काम उरकतो, आणि त्या उरकलेल्या कामावर उभारलेले सिद्धांत आपण सत्य म्हणून मिरवितों! शिवाय छायाचित्रांत मोलकरीण येते, शेजारचें मूल येतें. त्यांची संमति कोणी घेतली? चेहरे टाळण्याची सूचना आणि काम नाकारण्याची मुभा हीं प्रत्येक कामांतच लिहिलेलीं असलीं पाहिजेत.

अभ्यासकानें प्रत्येक काम आधीं आठवडाभर स्वतःच्या घरीं करून पाहावें. आपल्या ओट्यावर कॅमेरा रोखतांना ज्यास संकोच वाटतो, त्यानें तो दुसऱ्याच्या ओट्यावर रोखावयास सांगूं नये, हेंच उत्तम.