विश्वाला सुरुवात होती, हे कशावरून?

नागोठणे स्थानकावर न थांबता एखादी एक्स्प्रेस गाडी जाते, तेव्हा तिचा भोंगा नीट ऐका. गाडी जवळ येताना आवाज चढा असतो, पुढे निघून गेली की तो उतरतो. प्रकाशाचेही काहीसे असेच होते. दूरच्या बहुतेक दीर्घिकांचा प्रकाश वर्णपटाच्या लाल बाजूकडे सरकलेला दिसतो, म्हणजे त्या आपल्यापासून दूर जात आहेत. दीर्घिका जितकी लांब, तितका तिचा वेग जास्त, हे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवले.

विश्व पसरत असेल, तर पूर्वी ते दाट आणि तप्त असणार. पण एवढ्यावरून सुरुवात सिद्ध होत नाही. पसरताना नवे द्रव्य तयार होत राहते, त्यामुळे विश्वाला आदि-अंत नाही, असे फ्रेड हॉइल म्हणत. कोल्हापूरला जन्मलेले त्यांचे शिष्य डॉ. जयंत नारळीकर यांचेही मत तेच होते. गंमत म्हणजे 'बिग बँग' हा शब्द १९४९ मध्ये हॉइल यांनीच रेडिओवर वापरला.

पारडे फिरले ते १९६५ मध्ये. पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या प्रत्येक दिशेने येणारे क्षीण प्रारण सापडले. त्याचे तापमान उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. ही त्या तप्त काळाची उरलेली ऊब. तिसरा पुरावा हेलियमचा. विश्वातील साध्या द्रव्याच्या वजनात तो सुमारे पाव हिस्सा आहे. एवढा हेलियम एकट्या ताऱ्यांतून तयार होणे शक्य नाही.

तरीही नारळीकरांनी महास्फोट सिद्धांत मान्य केला नाही. १९९३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह सुधारित पर्याय मांडला. यावर काही जण म्हणतात, 'शास्त्रज्ञांतच एकमत नाही, मग हीसुद्धा श्रद्धाच की!' मला हे पटत नाही. नारळीकर गणित मांडून भांडले, निरीक्षणांना सामोरे गेले. त्यांनी पुण्यात उभारलेल्या 'आयुका'त महास्फोट मानणारे संशोधकही काम करत होते. त्यांच्याविषयी कितीही आदर असला, तरी आज पुराव्यांचे वजन महास्फोटाच्या बाजूने आहे.

सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतितप्त होते, इतके पुरावे सांगतात. त्याआधी काय होते, याचे उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. ते ठामपणे सांगणारा संदेश मोबाइलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी विचारा : हे कशावरून?