नोकरी, ओव्हरटाइम आणि एमबीएची प्रवेश परीक्षा: केंदूर-रांजणगाव पट्ट्यातील तरुणांपुढचा प्रश्न

शिरूर तालुक्यातील केंदूर, पाबळ हा पट्टा पावसाच्या भरवशावर शेती करणारा. गेल्या दोन-तीन दशकांत या भागाच्या आजूबाजूला रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर, चाकण अशी कारखानदारी उभी राहिली. गावागावातील तरुण कंपनीच्या बसने कामाला जाऊ लागले. यात बौद्ध वस्तीतील मुले-मुलीही मोठ्या संख्येने आहेत. बीकॉम, बीए, बीएस्सी, डिप्लोमा, इंजिनिअरिंग झालेली ही मुले लाइनवर, स्टोअरमध्ये, क्वालिटीत, डिस्पॅचला काम करतात. त्यातील अनेकांच्या मनात एक प्रश्न आहे: आपण आयुष्यभर लाइनवरच राहायचे की लाइन चालवणाऱ्यांच्या जागेपर्यंत जायचे?

त्या जागेकडे जाणारा एक रस्ता म्हणजे एमबीए. त्यासाठी कॅट किंवा राज्याची एमबीए सीईटी द्यावी लागते. आरक्षण आहे, फीची सवलत आहे, अभ्यासाचे साहित्य मोबाइलवर आहे. नाही तो वेळ. आणि हा वेळ कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न सध्या कामगार कायद्यांत होत असलेल्या बदलांमुळे आणखी टोकदार झाला आहे.

आठ तासांची लढाई आणि आजचा निर्णय

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या कारखाने कायद्यातील दुरुस्तीने कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. याचा अर्थ फक्त विश्रांतीपुरता नव्हता. कामगाराच्या हाती स्वतःचे काही तास आले. वाचायला, संघटना बांधायला, शिकायला.

३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम राहील, असे सरकारने सांगितले. त्याच निर्णयात तीन महिन्यांतील ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेली आणि ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक ठेवली.

हे आकडे अभ्यास करणाऱ्या तरुणाच्या बाजूने मांडून पाहू. तीन महिन्यांत १३ आठवडे. १४४ भागिले १३ म्हणजे आठवड्याला सुमारे ११ तास. जुन्या मर्यादेत हेच गणित आठवड्याला ९ तासांच्या आत होते.

आता नोकरी करणाऱ्या तरुणाचा आठवडा पाहा. एकूण तास १६८. जेवणाच्या सुट्टीसह साडेआठ तासांची शिफ्ट, सहा दिवस, म्हणजे ५१ तास. येण्याजाण्यात रोज दोन तास धरले तर १२. झोप रोज सात तास, म्हणजे ४९. जेवणखाण, आंघोळ, घरची व शेतातली कामे रोज पाच तास, म्हणजे ३५. उरतात २१ तास. त्यातही लग्नकार्य, आजारपण, पाण्याचा टँकर, रात्रपाळीनंतरचा थकवा आहेच. भरवशाचे म्हणावेत असे १२ तास हाती येतात.

म्हणजे ओव्हरटाइमची नवी कमाल मर्यादा आणि अभ्यासाचा भरवशाचा वेळ जवळजवळ सारखाच आहे. पूर्ण ओव्हरटाइम करणाऱ्याची परीक्षेची तयारी तिथेच संपते. ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे आणि घराला पैशाची गरज आहे, म्हणून "आळशी आहेत, अभ्यास करत नाहीत" असे म्हणणाऱ्यांनी हे गणित आधी करावे.

कागदावर दुसरी बाजूही आहे. रोज १२ तास, आठवड्याला चार दिवस, आणि उरलेले तीन दिवस सुट्टी अशी पाळी खरोखर मिळाली, तर अभ्यासाला ती सोयीचीच ठरेल. पण ठेकेदाराकडे कामाला असलेला मुलगा लेखी संमती नाकारू शकतो का? नाकारल्यावर पुढच्या महिन्यात त्याचे गेट पास चालू राहते का? कायद्यातील संमती खरी की नावाची, हे यावरच ठरणार आहे. कामगार संघटनांनी आणि आपल्या कार्यकर्त्यांनी लक्ष ठेवायचे ते इथे.

नेमणूकपत्र: छोटा कागद, मोठा फरक

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांवर अनेक संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि ती चर्चा झालीच पाहिजे. मात्र त्यातील एक तरतूद आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे: प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक.

आयआयएमच्या निवडीत कामाच्या अनुभवाला गुण असतात. किती, हे प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. मात्र पदवीनंतरची पूर्णवेळ पगारी नोकरीच धरली जाते आणि इंटर्नशिप, प्रशिक्षण सहसा धरले जात नाही. आपल्याकडची अनेक मुले तीन-चार वर्षे राबतात, पण कागदावर कधी "ट्रेनी", कधी "ॲप्रेंटिस", तर कधी दर अकरा महिन्यांनी नवा ठेकेदार. अनुभव अंगात असतो, फाइलमध्ये नसतो. म्हणून आजपासूनच नेमणूकपत्र मागा, पगाराच्या स्लिपा जपा, पीएफचे पासबुक तपासा, काम सोडताना अनुभवाचा दाखला घ्या. हा कागद मुलाखतीच्या टेबलावर बोलतो.

कॅट की सीईटी?

दोन्ही परीक्षा वेगळ्या स्वभावाच्या आहेत. कॅट वर्षातून एकदा, नोव्हेंबरच्या शेवटी होते. २०२५ ची परीक्षा ३० नोव्हेंबरला झाली आणि सुमारे २.५८ लाख उमेदवारांनी ती दिली. दोन तासांचा पेपर, तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटे: इंग्रजी वाचन, तर्क व माहितीचे विश्लेषण, आणि गणित. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण वजा. पात्रतेसाठी पदवीला ५० टक्के लागतात, अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ४५. फी २०२५ मध्ये २,६०० रुपये होती, अनुसूचित जाती-जमातींसाठी १,३००.

राज्याची सीईटी साधारण मार्च-एप्रिलमध्ये होते. १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इथे खोलीपेक्षा वेग लागतो. जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग अशा संस्थांकडे जाणारा रस्ता हाच.

नोकरदाराने दोन्हींची तयारी एकत्र करावी. एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत पाया आणि कॅट, त्यानंतर चार महिने सीईटीच्या वेगाचा सराव. आठवड्याला १२ तास याप्रमाणे ३२ आठवड्यांत ३८४ तास होतात. घरी बसून रोज सहा तास अभ्यास करणारा मुलगा एवढे तास ६४ दिवसांत पूर्ण करतो. म्हणजे त्याचे दोन महिने ते आपले आठ महिने. हा फरक मान्य करून लवकर सुरुवात करणे, एवढेच आपल्या हाती आहे.

मराठी माध्यमातून आलेल्यांची खरी अडचण गणित नसून इंग्रजी वाचन आहे. त्याला शॉर्टकट नाही. कंपनीच्या बसमधील एक तास रोज एक इंग्रजी संपादकीय वाचण्यासाठी ठेवला, तर आठ महिन्यांत दोनशेच्या आसपास लेख वाचून होतात. गणित-तर्काचे प्रश्न मात्र बसमध्ये होत नाहीत. त्यांना टेबल आणि शांतता हवी. रात्रपाळीच्या आठवड्यात नवा धडा घेऊ नये, फक्त उजळणी करावी. सराव परीक्षा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, खऱ्या वेळेत, मोबाइल बंद करून द्यावी.

यूट्यूबवर ९९ पर्सेंटाइलच्या गप्पा ऐकून पुष्कळ जण सुरुवातीलाच माघार घेतात. प्रत्येक आयआयएम प्रवर्गनिहाय किमान पर्सेंटाइल आणि निवडीचे निकष स्वतः प्रसिद्ध करते. ते वाचा आणि आपले लक्ष्य त्यावरून ठरवा. त्याच वेळी हेही लक्षात ठेवा की आत गेल्यावर वर्ग, परीक्षा आणि प्लेसमेंट सर्वांना एकच असते. म्हणून किमान गुणांवर समाधान मानू नये.

कागदपत्रांची परीक्षा आधी

आयआयएममध्ये अनुसूचित जातींना १५ टक्के जागा आहेत, राज्याच्या प्रवेश प्रक्रियेत १३ टक्के. १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्रातही सवलती मिळाल्या. परंतु केंद्रीय संस्थेसाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि त्यात मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असावा लागतो. राज्याचा दाखला हातात आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तहसीलमधून दोन्ही घेऊन ठेवा.

राज्याच्या प्रक्रियेत जात वैधता प्रमाणपत्र लागते. विज्ञान शाखेच्या मुलांचे ते बारावीनंतर काढलेले असते. कला-वाणिज्यच्या अनेकांचे नसते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा, आजोबांच्या शाळेचा उतारा, जुन्या महसुली नोंदी शोधायला महिने जातात आणि प्रत्येक फेरीला एक दिवसाचा पगार. हे काम अभ्यास सुरू करण्याआधी हाती घ्या.

फीबाबतही स्पष्टता हवी. राज्यात केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) प्रवेश घेतल्यास अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप आहे. मॅनेजमेंट कोट्याच्या जागेला हा लाभ नाही. एजंटच्या गोड बोलण्यात येऊ नका. आयआयएमसारख्या संस्थांसाठी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे, तिची कौटुंबिक उत्पन्न मर्यादा ८ लाख. जागा मर्यादित असतात.

तरीही एक खर्च कोणतीच योजना भरत नाही: बुडालेला पगार. महिना १८,००० मिळवणारा मुलगा दोन वर्षे शिकायला गेला, तर घराचे ४ लाख ३२ हजार रुपये थांबतात. म्हणून कोणत्याही कॉलेजची एमबीए चालेल, असे नाही. ज्या संस्थेच्या प्लेसमेंटची खात्री नाही, तिथे जाण्यापेक्षा आणखी एक वर्ष नोकरी करत परीक्षा देणे शहाणपणाचे. आणि नोकरी सोडायची ती प्रवेश पक्का झाल्यावर, तयारीसाठी नाही.

बहिणींचे गणित वेगळे

वर घरकामाचे पाच तास धरले ते मुलग्याचे. कंपनीतून आल्यावर स्वयंपाक, भांडी, लहान भावंडे सांभाळणाऱ्या मुलीचे किंवा सुनेचे ते पाच तास नसतात. तिचे १२ तास घरातच कापले जातात. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-कामगारांसाठी रात्रशाळा काढली, तिथे स्त्रियाही होत्या. त्यांचे नाव घेणाऱ्या घरात परीक्षेपर्यंत मुलीच्या वाट्याचे काम भावाने उचलले, तर तो त्या वारशाचा खरा मान ठरेल.

समाजाने काय करावे

बाबासाहेब १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायचे म्हणून ते पगारातून पैसे साठवत होते. त्या बचतीला शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्जाची जोड मिळाली, तेव्हा ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. इतक्या मोठ्या माणसालाही एकट्याच्या जिद्दीला इतरांचा हात लागला. पुढे १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांचा विचार करून सकाळचे वर्ग ठेवले.

आपणही तेवढा विचार करू शकतो. गावोगावच्या बुद्धविहारात रात्री ९ ते ११ आणि पहाटे ५ ते ७ अशा दोन वेळा अभ्यासासाठी राखून ठेवल्या, तर कोणत्याही शिफ्टच्या मुलाला एक वेळ मिळते. जयंतीच्या वर्गणीतून एक टेबल, इंटरनेट आणि सराव परीक्षांचा एक संच सहज येतो. पुण्यात व्यवस्थापक, बँक अधिकारी, प्राध्यापक म्हणून काम करणाऱ्या आपल्या लोकांनी महिन्यातून एक रविवार मुलाखतीच्या सरावाला द्यावा. रिजेक्शन कसे कमी झाले, लाइन का थांबली, कायझेनमध्ये काय सुचवले, हे लाइनवरच्या मुलाला पुस्तकातल्या मुलापेक्षा चांगले माहीत असते. ते चार वाक्यांत सांगायला शिकवणारा कोणीतरी हवा.

सरकारकडेही ठोस मागणी करावी. बार्टीचे कार्यालय पुण्यातच आहे. यूपीएससी, एमपीएससी, बँक परीक्षांच्या प्रशिक्षणासोबत औद्योगिक पट्ट्यातील नोकरदारांसाठी शिक्रापूर किंवा रांजणगावला साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी भरणारी कॅट-सीईटी बॅच हवी. आणि ओव्हरटाइमची संमती न दिल्याने कोणाचे काम जात असेल, तर तक्रार लिहून द्यायला कार्यकर्ते सोबत उभे राहिले पाहिजेत.

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तिथे निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांपर्यंत आपली मुले पोहोचायची असतील, तर त्यांच्या आठवड्यातील हे १२ तास वाचवणे हे घरचे, विहाराचे आणि चळवळीचे काम आहे. एप्रिल जवळ येतो आहे. जयंतीच्या बैठकीत हा विषय अजेंड्यावर घ्या.

जयभीम!