वाडा ठाकुराचा, भूत कोणाचे?

भुताखेतांच्या स्वस्तातल्या हिंदी सिनेमांवर आता जाडजूड पुस्तके निघू लागली आहेत. मेराज अहमद मुबारकी यांचे ‘फिल्मिंग हॉरर’ २०१६ साली आले. पाठोपाठ २०१७ मध्ये शम्य दासगुप्ता यांचे रामसे बंधूंवरील ‘डोन्ट डिस्टर्ब द डेड’ आले. २०२४ मध्ये कार्तिक नायर यांचे ‘सीइंग थिंग्ज’ थेट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढले. ज्या सिनेमांना एकेकाळी समीक्षक दोन ओळींत निकालात काढत, त्यांच्यावर आता संशोधक वर्षानुवर्षे खपतात. याचे आम्ही स्वागतच करतो. पण ही पुस्तके वाचताना एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. या सिनेमांतला वाडा कोणाचा आणि भूत कोणाचे?

चळवळीतले काही मित्र लगेच विचारतील, अॅट्रॉसिटीच्या केसेस, अडकलेल्या शिष्यवृत्त्या, वस्त्यांचे पुनर्वसन हे सगळे पडलेले असताना रामसेंच्या भुतांवर लेख कशाला? त्यांना आम्ही आमच्याच जिल्ह्यातल्या दोन घटनांची आठवण करून देतो. जुलै २०२० मध्ये कल्याणजवळच्या अटाळीत भूत उतरवण्याच्या नावाखाली एक वृद्ध आई आणि तिचा मुलगा यांना मरेपर्यंत मारहाण झाली. मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यात करणी करतो या संशयावरून एका वृद्धाला निखाऱ्यांवर नाचवण्यात आले. मुंबईला लोकल जोडणाऱ्या जिल्ह्यातली ही गोष्ट आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत काढण्यासाठी मारहाण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा आहे, तरी एखाद्या माणसाला ‘हाच भुताळा’ म्हणून गर्दीपुढे उभे करण्याची सवय गेलेली नाही.

सिनेमा पाहून कोणी खून करतो, असे आम्ही म्हणत नाही. ही सवय सिनेमापेक्षा कितीतरी जुनी आहे. पण सिनेमा त्या सवयीला चेहरा देतो, पार्श्वसंगीत देतो आणि मुख्य म्हणजे न्यायाचा आव देतो. म्हणून तो तपासावा लागतो.

आता सिनेमांकडे येऊ. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या रामसे कुटुंबातील सात भावांनी आपापसांत कामे वाटून घेतली. कोणी दिग्दर्शन, कोणी कॅमेरा, कोणी संकलन, कोणी ध्वनी. ‘दो गज जमीन के नीचे’ हा १९७२ चा सिनेमा त्यांनी महाबळेश्वरला थोडक्या पैशांत उरकला. पुढे ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’ (१९८८) यांनी त्यांना घराघरांत पोहोचवले. आमच्या पिढीने ही भुते बहुतेक टीव्हीवर पाहिली, १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘झी हॉरर शो’मधून. आमच्या आधीच्या पिढीने ती टॉकीजमध्ये पाहिली. गिरणी, वर्कशॉप, एमआयडीसी यांची पाळी संपवून तिकिटाच्या रांगेत उभा राहणारा माणूस हा या सिनेमांचा प्रेक्षक होता. ‘सी ग्रेड’ हा शिक्का सिनेमावर मारला जात होता, तसाच तो या प्रेक्षकावरही मारला जात होता. ही तुच्छता आम्हाला चांगली ओळखीची आहे. त्यामुळे या सिनेमांना नाक मुरडणाऱ्यांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही.

पण सिनेमा आपल्या लोकांनी पाहिला म्हणून तो आपल्या बाजूचा ठरत नाही. ‘पुराना मंदिर’मध्ये राजा हरिमानसिंह सैतानाच्या पूजक सामरीचे मुंडके उडवतो. सामरीचा शाप राजाच्या वंशातल्या स्त्रियांवर बसतो आणि त्या बाळंतपणात मरू लागतात. पुढचा सगळा सिनेमा हा राजवंश वाचवण्याचा खटाटोप आहे. राजाची सत्ता कोणाच्या जमिनीवर आणि कोणाच्या श्रमावर उभी होती, याचा पत्ता नाही. न्याय तोच करतो, शिक्षा तोच देतो, आणि शेवटी आपली सहानुभूतीही त्याच्याच घराण्याने न्यायची.

‘वीराना’ तर आजच्या संदर्भात पुन्हा पाहावा असा आहे. गावाजवळच्या जंगलात चेटकीण आहे, असे सांगितले जाते. ठाकुराचा भाऊ तिला पकडतो आणि गावाच्या साक्षीने तिला फासावर लटकवले जाते. ना चौकशी, ना पोलीस, ना कोर्ट. एका बाईला गर्दीसमोर लटकवण्याचा हा प्रसंग सिनेमात शौर्य म्हणून येतो. नंतर तिचा आत्मा ठाकुराच्या मुलीत शिरतो, तेव्हा आपण भ्यायचे ते त्या मुलीला. लटकवणाऱ्या हातांना नाही. सेन्सॉरची कात्री या काळात रक्तावर आणि उघड्या अंगावर चालत होती. झुंडीच्या न्यायाची तिला कधी अडचण झाल्याचे दिसत नाही.

नव्या पुस्तकांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. दासगुप्ता यांनी एका कुटुंबाचा धंदा, त्यांची जिद्द आणि आठवणी गोळा केल्या. नायर यांनी रबरी मुखवटे, फसलेले ट्रिक सीन, कापाकापी झालेल्या प्रिंट यांतून त्या काळची निर्मितीव्यवस्था वाचून दाखवली. मुबारकी यांनी हिंदी भयपटांमागच्या विचारसरणीचा मागोवा घेतला. हे काम मोलाचे आहे. पण जात हा या पुस्तकांचा मध्यवर्ती प्रश्न नाही. आणि भारतात वाडा, जंगल, स्मशान, गावकुसाबाहेरची जागा हे शब्द उच्चारल्यावर जात टाळता येते का? स्मशानात काम कोणावर लादले गेले? मेलेली ढोरे कोणी ओढली? अपशकुनी कोणाची सावली ठरली? भीतीची ही सगळी सामग्री जातिव्यवस्थेने आधीच रचून ठेवली होती. सिनेमाने फक्त दिवे लावले.

अमेरिकेत हे काम कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) हाही अगदी कमी पैशांतला भयपट. त्याचा नायक बेन हा काळा माणूस आहे. रात्रभर प्रेतांशी झुंज देऊन तो एकटा वाचतो, आणि सकाळी बंदुका घेऊन आलेली गोऱ्यांची टोळी त्यालाच प्रेत समजून गोळी घालते. ‘वीराना’त झुंड ही सुटका होती; इथे झुंड हेच भय आहे. रॉबिन मीन्स कोलमन या काळ्या अभ्यासिकेने २०११ मध्ये ‘हॉरर न्वार’ या पुस्तकात १८९० च्या दशकापासूनच्या भयपटांचा असा हिशोब मांडला. त्यांनी एक साधा फरक केला. भयपटात काळी माणसे असणे वेगळे आणि काळ्यांचा भयपट असणे वेगळे. आपल्याला हीच फूटपट्टी हवी. पडद्यावर आपण असतो, बहुधा हातात मशाल घेतलेल्या गावकऱ्यांमध्ये किंवा पहिल्याच रिळात मरणाऱ्या नोकरात. आपली म्हणावी अशी भीती मात्र पडद्यावर येत नाही.

१९७२ हे साल इथे आठवावे. त्या वर्षी रामसेंचा पहिला गाजलेला भयपट आला. त्याच वर्षी अमेरिकेत ‘ब्लॅक्युला’ आला, ज्यात आफ्रिकेचा राजपुत्र गुलामांचा व्यापार थांबवा म्हणून ड्रॅक्युलाकडे जातो आणि त्याचाच बळी ठरतो. त्याच वर्षी तिथल्या काळ्या कार्यकर्त्यांनी अशा सिनेमांवर ‘ब्लॅक्सप्लॉयटेशन’ हा शब्द फेकून जाहीर वाद सुरू केला. आणि त्याच वर्षी मुंबईत ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन दलित पँथर उभी राहिली. पँथरने साहित्याचा चेहरा बदलला. स्वस्तातला सिनेमा मात्र आपण वाऱ्यावर सोडला.

‘एक्सप्लॉयटेशन’ म्हणजे शोषण. सिनेमाच्या धंद्यात त्याचा अर्थ एखादा सनसनाटी विषय पिळून पैसा काढणे एवढाच होतो. आपल्यासाठी या शब्दाला बाई, श्रम आणि जमीन जोडलेली आहे. न्हाणीघरातली बाई, पाठलाग होणारी बाई आणि शेवटी चेटकीण ठरलेली बाई, ही या सिनेमांची खरी भांडवली गुंतवणूक होती. ते शोषण ‘कल्ट’ म्हणून हसण्यावारी नेणे आम्हाला मान्य नाही.

काहीजण म्हणतील, मग घाला बंदी. आमचा बंदीला विरोध आहे. बंदीने गोष्ट दडते, तपासली जात नाही. शिवाय अलीकडे चित्र थोडे हलले आहे. ‘लपाछपी’ (२०१७) मध्ये उसाच्या फडातले भय मुलगी नकोशी असण्यातून येते. नारायण धारपांच्या कथेचा आधार घेतलेल्या ‘तुंबाड’ (२०१८) मध्ये राक्षसापेक्षा वाड्याचा लोभ मोठा आहे. म्हणजे भूत बाहेरून येत नाही, वाडाच ते पोसतो, इथवर आपला भयपट आला. पण हीदेखील वाड्याच्या आतून केलेली तपासणी आहे. वेशीबाहेरून वाड्याकडे पाहणारा कॅमेरा अजून यायचा आहे, आणि त्याआधी तसे पाहणारे पुस्तक यायला हवे.

ते मराठीत यावे, असा आमचा आग्रह आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. वाचनाची इतकी जुनी परंपरा असलेल्या या पट्ट्यात सिनेमावर पीएच.डी. करणारी आपली मुले-मुली आहेत. त्यांनी विषय निवडताना हा विषय हलका समजू नये. मार्गदर्शकाने नाक मुरडले तरी रेटून धरावा. प्रत्येक सिनेमाला तीन प्रश्न विचारावेत. वाडा कोणाचा? भूत कोणाला ठरवले? ते काढण्याचा अधिकार कोणाला दिला?

आणि एक काम तर पदवीशिवायही करता येईल. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरच्या टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवणारे, डोअरकीपर, भिंतींवर पोस्टर चिकटवणारे अनेक जण आपल्याच वस्त्यांत राहतात. आता ते सत्तरीत आहेत. कोणत्या खेळाला कोण येत होते, बाया येत होत्या का, लोक कुठे हसत आणि कुठे गप्प होत, हे त्यांच्याकडे आहे. रविवारच्या अभ्यासवर्गाला त्यांना बोलवा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, लिहून काढा. पुढच्या पुस्तकाचे पहिले प्रकरण तिथूनच सुरू होईल.