आधी ओळख, मग अभिमान

ऑगस्ट जवळ आला की आमच्या जळगाव-धुळ्याच्या शाळांतून समूहगीतांच्या तालमी सुरू होतात, गणवेशांना इस्त्री होते, भाषणे पाठ केली जातात. आम्हा शिक्षकांना हे दिवस आवडतात. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत मुले देशाबद्दल काय शिकतात, याचाही विचार व्हायला हवा.

खान्देशातला वर्ग म्हणजे छोटा देशच. कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी लेवा बोली, शिरपूरकडच्या मुलाची पावरी. रावेर-यावलकडचे तडवी तर आदिवासीही आणि मुसलमानही. पलीकडच्या गल्लीत उर्दू शाळा. बालभारतीची पुस्तके आठ माध्यमांतून निघतात आणि प्रतिज्ञा सगळ्यांत एकच असते. पण ती म्हणणारी दोन गल्ल्यांतली मुले एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत. खिशातल्या नोटेवर पंधरा भाषांच्या रांगेत मराठी आणि उर्दू एकत्र नांदतात, शाळेत मात्र त्यांची गाठ पडत नाही.

ओळख नसली की संशय येतो. एका शाळेत क्रिकेट सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आठवीतल्या मुलाला सोबत्यांनी विचारले, ‘काल तू कोणाच्या बाजूने होतास?’ मुलगा गप्प राहिला. घरी अम्मी म्हणाली, ‘जाऊ दे बेटा, त्यांच्यात मिसळू नकोस.’ आमच्या मते तो प्रश्न जितका चुकीचा, तितकाच हा सल्लाही. प्रश्नाने मुलाला वर्गाबाहेर ढकलले आणि सल्ल्याने दार आतून लावून घेतले. अशा वेळी शिक्षकाने त्या मुलाकडून पुरावा मागू नये. असा प्रश्न का विचारला जातो, यावर साऱ्या वर्गाशी बोलावे.

आपल्या मातीतले धडे काय सांगतात? 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारमध्ये शाळकरी शिरीषकुमार आपल्या साथीदारांसह गोळीबारात शहीद झाला. नंदुरबार तेव्हा पश्चिम खान्देशात होते. शिरीषकुमारची मातृभाषा गुजराती आणि त्या मिरवणुकीतली घोषणाही गुजराती. मराठी मुलखात गुजरातीतून केलेली ती देशभक्ती कुणाला परकी वाटली नाही. मग उर्दूतून म्हटलेली प्रतिज्ञा तरी परकी का वाटावी?

अमळनेरच्या शाळेत 1924 ते 1930 या काळात साने गुरुजी शिक्षक होते. नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडचे सोबती भेटले, तेव्हा शेजारच्या प्रांतांच्या भाषा आपल्याला येत नाहीत याची त्यांना खंत वाटली. पुढे आंतरभारतीचे स्वप्न त्यांनी मांडले ते यातूनच. याच गुरुजींनी पैगंबरसाहेबांच्या जीवनावर ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक मराठीत लिहिले. शेजाऱ्याला समजून घेणे हा त्यांच्या देशप्रेमाचाच भाग होता.

आपल्यासाठी ही गोष्ट नवी नाही. सूरह हुजुरातमध्ये माणसांच्या कौमी आणि कबिले यांचा उद्देश एकमेकांची ओळख पटावी असा सांगितला आहे. राज्यघटनेच्या कलम 51 क मध्येही धर्म, भाषा आणि प्रदेश यांचे भेद ओलांडून बंधुभाव वाढवणे आणि आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे ही नागरिकाची कर्तव्ये म्हणून नोंदली आहेत.

म्हणून शिक्षक बांधवांना आमची विनंती आहे की वर्षातून दोनदा तरी उर्दू आणि मराठी शाळांच्या मुलांना एकत्र आणा; कधी खो-खोला, कधी वृक्षारोपणाला. 11 नोव्हेंबरला, मौलाना आझादांच्या जयंतीला, मराठी शाळांनी उर्दू शाळांत यावे. 24 डिसेंबरला, साने गुरुजींच्या जयंतीला, उर्दू शाळांच्या मुलांनी मराठी शाळांत जावे.

आणि पालकहो, मराठीला केवळ परीक्षेचा विषय समजू नका. घरात एक तरी मराठी मासिक किंवा गोष्टींचे पुस्तक मुलाच्या हाताशी ठेवा. ईदला मुलाच्या वर्गमित्रांना घरी बोलवा आणि पोळ्याला त्यांच्या घरून बोलावणे आले, तर मुलाला बैलांची सजावट बघायला जाऊ द्या. शिरखुर्म्याच्या वाटीवर ज्यांची दोस्ती जमते, त्यांना एकमेकांच्या देशप्रेमाचा पुरावा मागावासा वाटत नाही.