अदृश्य किरण



गेल्या सुटींत आमच्या एका विद्यार्थ्यानें रोब्लॉक्सवर पहारेकरी व चोर यांचा लहानसा खेळ रचिला. त्याची भाषा लुआउ. १९९३ सालीं ब्राझीलमध्यें जन्मलेल्या लुआ भाषेची ही कन्या. पहारेकऱ्याच्या डोळ्यांपासून चोराकडे एक अदृश्य किरण सोडावयाचा. तो प्रथम चोरालाच लागला, तर चोर दिसला असें समजावयाचें. यास रेकास्टिंग म्हणतात. परंतु चोर समोर उभा असूनहि पहारेकऱ्यास दिसेना! दोन दिवस आंकडे उगीच बदलून मुलगा थकला व कोणाची तरी तयार ओळ उतरून घेण्यास निघाला. तेव्हां मीं त्यास थांबविलें.

माझें स्पष्ट मत असें कीं, उसनी दुरुस्ती ही दुरुस्तीच नव्हे. यंत्र आपल्या मनांतलें करीत नाहीं, आपण लिहिलेलें करितें. म्हणून आधीं आपण काय लिहिलें तें पाहावें. मीं म्हटलें, "किरणाच्या वाटेवर एक बारीक पट्टी उभी कर आणि आंकडे पडद्यावर छाप."

पट्टी भलतीकडेच गेली! पहारेकरी (१०, ५, ०) येथें, चोर (१०, ५, ४०) येथें. किरणास आरंभ व दिशा द्यावी लागते. यानें दिशेच्या जागीं चोराचें स्थानच लिहिलें होतें. वजाबाकी करितां खरी दिशा (०, ०, ४०) निघाली. मग त्यानें तिची लांबी १ करून टाकिली. दिशेची लांबी हीच किरणाची लांबी, त्यामुळें किरण एक स्टड, म्हणजे तेथील एक माप, जाऊन संपला. लांबी पूर्ववत् केली, तों किरण पहारेकऱ्याच्याच ढालीवर आदळला! ती वगळावयाच्या यादींत घालतांच चोर सांपडला.

पालकांस एक विनंति आहे. मूल पडद्यासमोर दिसतांच रागावूं नये. तें नुसतें खेळत आहे कीं स्वतःची चूक शोधीत आहे, हें आधीं विचारावें. वर्गांत जी वजाबाकी या मुलास निरर्थक वाटे, तिचा अर्थ त्यास त्या दिवशीं कळला. उतरलेल्या ओळीनें खेळ चालला असता, पण हा लाभ झाला नसता.

आणि मुलांनो, एवढें ध्यानांत ठेवा: आपल्या दृष्टीआड येणारी ढाल पुष्कळदां आपल्याच हातांत असते.